नाताळच्या मैफलीचं कूळ

नाताळातली सिंफनी ऑर्केस्ट्राची मैफल म्हणजे नरिमन पॉइंटच्या बड्या लोकांचा कार्यक्रम, असा आमच्या चिरनेर-उरण पट्ट्यात सर्रास समज आहे. तिचं कूळ शोधायला गेलं की मात्र भेटतात मेंढपाळ.

इटलीतल्या आब्रुत्सीच्या डोंगरांतून हे मेंढपाळ नाताळच्या आधी रोममध्ये उतरायचे आणि रस्त्यांवरच्या मेरीच्या तसबिरींपुढे उभं राहून वाजवायचे. दोघांची जोडी असायची. एकाच्या काखेत कातड्याची मशक, दुसऱ्याच्या ओठाशी पिफेरो हे सनईसारखं वाद्य. मशकीचा सूर अखंड धरलेला आणि त्यावर पिफेरोची डुलती चाल. लग्नाच्या मांडवात एक सनईवाला नुसता सूर धरतो आणि दुसरा त्यावर वाजवतो, अगदी तीच घडण.

रोममध्ये राहणाऱ्या कोरेली या संगीतकारानं ही चाल उचलली. ‘नाताळच्या रात्रीसाठी’ असं लिहून त्यानं रचलेला कॉन्चेर्तो त्याच्या मृत्यूनंतर, 1714 मध्ये छापून आला. त्याच्या शेवटच्या भागात, पास्तोरालेत, खालची तंतुवाद्यं सूर धरून बसतात आणि व्हायोलिनं वर झुलतात. संगीतकार हँडलही तरुणपणी रोममध्ये कोरेलीबरोबर वावरलेला. ‘मसाया’ या आपल्या ऑरेटोरिओत मेंढपाळांचा प्रसंग येण्याआधी त्यानं केवळ वाद्यांचा एक छोटा तुकडा घातला आणि पिफेरोवरून त्याचं नावच ‘पिफा’ ठेवलं. ‘मसाया’चा पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये झाला. त्याच्या उत्पन्नातून कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेले 142 जण सुटले. नाताळशी त्याची गाठ पुढे पडली.

आपल्याकडे हे संगीत आलं ते गोव्याच्या चर्चमधून. सोळाव्या शतकापासून तिथं चर्चला जोडलेल्या शाळा निघाल्या आणि पुढे गावोगाव पसरल्या. संगीतमास्तर मुलांकडून आधी स्वरलिपी घोटून घ्यायचा, मग हातात व्हायोलिन द्यायचा. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला ही मुलं चर्चमध्ये वाजवायची. ही आमच्या दृष्टीनं नाताळची पहिली मैफल.

मोठी झाल्यावर ही मुलं पोटासाठी मुंबईला आली. धोबीतलावला आपापल्या गावाच्या ‘कुडा’त, म्हणजे गाववाल्यांच्या वसतिगृहात, ट्रंक टाकायची आणि हॉटेलांत, क्लबांत, पुढे सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायचं. 1935 मध्ये मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यातही गोवेकर वादक होते. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या संगीतमास्तरांचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात आपल्या रागांवर सिंफनी वाजवून दाखवली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. एवढा मोठा घाट घालणाऱ्या माणसाचं नाव आज लोकांना माहीत आहे ते ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे. ते नाव त्या गाण्यात आणलं त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल यांनी, याचं मला फार समाधान वाटतं.

2006 मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुश्रू संतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. वाजवणं उत्तम, पण बरेच वादक बाहेरच्या देशांतून येतात. याचं कारण मला गोव्यातल्या त्या शाळेत दिसतं. पोराला लहानपणीच स्वरलिपी वाचायला लावणारी, गावातच असलेली तशी शाळा आज आपल्याकडे क्वचितच दिसते. एनसीपीएत आता मुलांना शिकवतात. ते शिकवणं अटल सेतू ओलांडून इकडे यावं असं मनापासून वाटतं. आमच्या आगरी-कोळी हळदीत ब्रास बँडवर ट्रंपेट आणि क्लॅरिनेट नुसत्या कानावर वाजवणारी पोरं आहेत. त्यांना फक्त कागदावरचे स्वर वाचायला शिकवायचे आहेत.