दोन नद्या, दोन पूल

हिंडलगा-बेळगावकडील भाविक जोतिबाच्या डोंगरास निघाला, म्हणजे निपाणी व कागल मागे टाकून कोल्हापुरास येतो आणि तेथे पंचगंगा ओलांडतो. या ठिकाणचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील आहे. दगडी कमानींचा हा पूल बैलगाड्यांच्या काळी बांधला गेला. पुढे त्याच्यावरून मालमोटारी व एसटी गाड्या धावू लागल्या.

शंभरी उलटून गेलेल्या या पुलाशेजारी नवा पूल घालण्याचे काम सुरू झाले. ते बरेच पुढे गेले असता २०१५ च्या अखेरीस थांबले. जवळच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ च्या उत्खननात तेथे सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष सापडले होते. संरक्षित स्थळापासून १०० मीटरांच्या आत बांधकाम करू नये, असा निर्बंध २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आला होता. वारसा जपण्याचा हेतू योग्यच. परंतु रोज पूल ओलांडणाऱ्यांचे काय, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

तशातच २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री कोकणात महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ चा दगडी पूल महापुरात कोसळला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. कमानीचे दगड एकमेकांस दाबून भार पेलतात. मात्र पुराने पायाखालची माती ओढून नेली, की वरून धडधाकट दिसणारी कमानही ढासळू शकते. म्हणून जुन्या पुलाची परीक्षा पाण्याखाली व्हावी लागते. सावित्रीवरील नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला.

पंचगंगेचे काम तरीही रखडलेलेच होते. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी एक मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून नदीत पडली व १३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर कामास गती आली आणि २०१९ मध्ये नवा पूल वाहतुकीस मिळाला.

पूल बांधण्यास १६५ दिवस पुरू शकतात. तो बांधावा हे ठरविण्यास मात्र वर्षे लागतात. हा विलंब कागदावर दिसतो, पण त्याची किंमत प्रवासी मोजतात. जुन्या पुलाचा मान राखावयाचा, तर त्याच्यावरील ओझे वेळीच उतरविले पाहिजे.