आम्ही, आपण आणि भाषांची नाती



आजच्या व्याख्यानाची सुरुवात मी दोन अतिदूरच्या भाषांपासून करणार आहे. एक सुंदा, जावा बेटाच्या पश्चिम भागात सुमारे तीन कोटी लोकांच्या तोंडी असलेली. दुसरी मंगोल, गवताळ माळरानांवरील पशुपालकांची. या दोघींचा परस्परांशी वंशाचा संबंध नाही. सुंदा ही मादागास्करपासून हवाईपर्यंत पसरलेल्या सागरी भाषाकुळातली. मंगोलचे कूळ वेगळे. तुर्की भाषांशी तिचे जे साम्य दिसते ते रक्ताचे की शेजाराचे, याविषयी पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही.

तरीही या दोन भाषांचे कोश शेजारी ठेवले, तर आपल्याला ओळखीचे चेहरे भेटू लागतात. सुंदा भाषेत भाषेला ‘बासा’ आणि देशाला ‘नगारा’ म्हणतात. मंगोलमध्ये रत्नाला ‘एर्देने’ म्हणतात. तो आपला ‘रत्न’ शब्दच आहे, उइगुर लोकांच्या हातून गेल्यामुळे एवढा बदललेला. धर्माला ‘शाशिन’ म्हणतात, ते ‘शासन’. एका भाषेत संस्कृत समुद्रमार्गे पोचली, दुसरीत बौद्ध भिक्षूंच्या पोथ्यांतून. अशा शब्दांवरून कोणी या दोन भाषांना बहिणी ठरवले, तर ते एकाच दुकानातून कापड घेतलेल्या दोन माणसांना भाऊ म्हणण्यासारखे होईल.

शब्द फसवतात म्हणून व्याकरणाकडे वळावे, तर तेथेही सावध राहावे लागते. मराठीत ‘आम्ही जातो’ आणि ‘आपण जाऊ’ यांत स्पष्ट भेद आहे: पहिल्यात ऐकणारा वगळलेला, दुसऱ्यात सामावलेला. ग्रांथिक हिंदीला एका ‘हम’वर भागवावे लागते. (आपल्या इंदुरी हिंदीतला ‘अपन’ ही उणीव चोख भरून काढतो, आणि त्याचे श्रेय थोडेफार मराठीला घेण्याचा मोह मला आवरत नाही.) हा भेद मराठीला द्राविडी शेजारातून मिळाला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ आहेत, तमिळमध्ये ‘नाम’ आणि ‘नांगळ’ आहेत. आजच्या प्रमाण कन्नडात मात्र हा भेद उरलेला नाही. आता पुन्हा दूर पाहा. सुंदा भाषेत ‘उरांग’ म्हणजे आपण आणि ‘कामी’ म्हणजे आम्ही. जुन्या मंगोलमध्येही ‘बिदा’ आणि ‘बा’ असा हाच भेद होता. ऐकणाऱ्याला आत घ्यावे की बाहेर ठेवावे, हा प्रश्न कोणत्याही मानवसमूहाला पडू शकतो. त्यामुळे एवढ्या एका खुणेवरून नाते सिद्ध होत नाही.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या अगदी जवळ आहे. इंदूरहून खंडव्याच्या वाटेने नर्मदा ओलांडली की आपण निमाडात शिरतो. तेथून तापीखोरे आणि सातपुड्याच्या रांगांपर्यंत, तसेच पलीकडे मेळघाटात, कोरकू बोलणारे लोक आहेत. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या सात लाखांहून अधिक भरली. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसे. संस्कृतातले जे द्विवचन मराठीपर्यंत पोचलेच नाही, ते कोरकूत आजही नांदते आहे. आणि तिचे गणगोत पाहावे तर थेट कंबोडिया आणि व्हिएतनामपर्यंत. कोरकूत तीनला ‘आपइ’, ख्मेरमध्ये ‘बेइ’, व्हिएतनामीत ‘बा’. हे साम्य एकट्यादुकट्या शब्दाचे नाही. त्यात नियमितपणा आहे, म्हणून ते नाते आहे. तरुणपणी मी कोरकूतले मराठी शब्द वेचून त्यांची मोठ्या हौसेने यादी केली होती. एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी ती चाळून एवढेच विचारले, “यातले बाजारातले किती आणि घरातले किती?” यादी जवळजवळ सगळी बाजारातली निघाली.

याच कोरकूंच्या शेजारी, बुऱ्हाणपूरकडच्या आणि बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोदकडच्या मोजक्या गावांत, निहाली ही भाषा बोलली जाते. तिचे भाषक दोन-अडीच हजार. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ मधील चौथ्या खंडात स्टेन कोनो यांनी तिला मिश्र बोली ठरवले: मुळात कोरकूसारखी, नंतर द्राविडी संस्कार झालेली, आणि आता आर्यभाषेच्या वळणावर जाणारी. तसे वाटणे स्वाभाविकच होते. निहालीत आकडे मोजून पाहा. दोन म्हणजे ‘इरार’, तीन ‘मोथो’, चार ‘नालो’, हे द्राविडी. पाच ‘पांचो’; हा आपला. कोरकूतून घेतलेले शब्द तर शेकड्यांनी आहेत.

पण १९५७ साली सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष जाऊन मिळवलेली सामग्री प्रसिद्ध केली, आणि तिच्या आधारे डच पंडित कायपर यांनी १९६२ मध्ये निहालीचा तौलनिक अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. त्यांनी उसने शब्द एकेक करून बाजूला काढले. सुमारे चौथा हिस्सा असा उरला, की त्याला भारतातल्या कोणत्याही भाषेत सोयरीक सापडेना. पाण्यासाठीचा ‘जोप्पो’ त्यातलाच. कोरकूत पाण्याला ‘दा’ म्हणतात. घरातले शब्द येथे हाती लागले. आज निहाली ही एकाकी, कोणत्याही ज्ञात कुळात न बसणारी भाषा मानली जाते.

ही निव्वळ गुप्त बोली तर नसेल, अशी शंकाही कायपर यांनी उपस्थित केली होती. निहाल परक्यासमोर, त्याला कळू नये म्हणून, ही भाषा वापरतात हे खरे. कोरकू समाजात त्यांचे स्थान खालचे मानले गेले, मजुरी त्यांच्याकडे आली, आणि चरितार्थासाठी कोरकू, मराठी, हिंदी त्यांना शिकाव्याच लागल्या. त्यांची भाषा मात्र शेजाऱ्यांना शिकावी लागली नाही. अशा समाजाच्या भाषेत उसनवारी अधिक असणारच, आणि ती लपवून बोलली जाणे हेही नवलाचे नाही. गुप्ततेसाठी वापरली म्हणून ती गुप्ततेसाठीच घडवली गेली, हे अनुमान मला पटत नाही. निहाली ही अजूनही ‘आम्ही’ची भाषा आहे, तिला ‘आपण’ म्हणणारा शेजारी तिला क्वचितच मिळाला.

१९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे स्वतंत्रपणे छापली जात नाहीत, त्यामुळे निहालीचे नाव त्या तक्त्यांत दिसत नाही. २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने के. एस. नागराज यांचा निहालीवरील ग्रंथ प्रकाशित केला, ही समाधानाची गोष्ट. मघाशी आकडे मोजताना मी दोनपासून सुरुवात केली होती. एकाला निहालीत ‘बिडुम’ म्हणतात. तो शब्द कोरकूचा नाही, द्राविडी नाही, आणि आपलाही नाही.