एक जोडणी, अनेक बटणे
(आपल्या भागातील घरगुती विजेचा अल्प इतिहास)



जीर्णोद्धारात दगड, चुना, लाकूड यांचा हिशेब ठेवला जातो. दात्यांची नावे पाटीवर कोरली जातात. भिंतीआडून जाणाऱ्या तारेची आठवण मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. म्हणून या स्मरणिकेत त्या तारेविषयी चार शब्द.

आपल्या पूर्वजांना वीज ठाऊक होती ती आकाशातली. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील मुख्य मंदिराचे शिखर पूर्वी वीज कोसळून भंगले, असे जुन्या नोंदी सांगतात. घरातला उजेड होता करंजीच्या किंवा मोहाच्या बियांच्या तेलाचा, पुढे घासलेटच्या चिमणीचा व कंदिलाचा. झाडीपट्टीतील रात्रभराची नाटके आधी टेंभ्यांच्या आणि मग गॅसबत्तीच्या उजेडात रंगली. त्या काळी प्रत्येक दिव्याला स्वतःचे तेल व स्वतःची वात लागे. दहा दिवे हवेत, तर दहा ठिकाणी तेल घालावे लागे.

एकाच उगमावरून अनेक दिवे, आणि प्रत्येकाची कळ वेगळी, ही सोय जगालाही उशिराच मिळाली. आरंभीचे रस्त्यावरचे प्रखर विजेचे दिवे माळेतील मण्यांप्रमाणे एकामागोमाग जोडीत. माळ एका जागी तुटली की सारे विझत. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्क येथे केंद्र सुरू केले, तेव्हा प्रत्येक दिवा दोन मुख्य तारांच्या मध्ये स्वतंत्र जोडला. एक विझविला तरी शेजारचा तेवत राहिला. आपल्या घराघरांतील जोडणी आजही याच तत्त्वावर आहे.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० रोजी स्थापन झाले व खेडोपाडी खांब उभे राहू लागले. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. आज त्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. १९९९ पासून येथील वीज सुमारे ७५० किलोमीटर लांबीच्या वाहिनीने थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत जाते. परंतु १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील दूरच्या पाड्यांना बराच काळ वाट पाहावी लागली. घनदाट जंगल, पावसाळ्यात वाट अडविणाऱ्या नद्या आणि विखुरलेली वस्ती यांतून खांब नेणे सोपे नव्हते. हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने आपला दवाखाना अनेक वर्षे विजेवाचून चालविला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा!

१९८८-८९ पासून कुटीर ज्योती योजनेतून गरिबांच्या घरी एका दिव्याची जोडणी मिळू लागली. २०१७ च्या सौभाग्य योजनेने उरलेल्या घरांकडे लक्ष दिले. एक दिवा आला की स्वयंपाकघरात दुसरा, पडवीत तिसरा हवासा वाटतो. इथेच शहाणपणाची गरज असते.

जुन्या घरांत सागवानी पट्ट्यांवरून तारा नेत. ज्या सागासाठी आलापल्ली व बल्लारपूर प्रसिद्ध, तेच लाकूड या कामी पसंत केले जाई. पट्टी गेली, नळी आली, पण रीत तीच राहिली. मीटर व मेन स्विचमधून फेजची तार बोर्डावर येते व एका बटणावरून दुसऱ्याला जोडली जाते. प्रत्येक बटणातून निघालेली वेगळी तार आपापल्या दिव्याकडे जाते. दिव्यांची परतीची न्यूट्रल तार सामाईक असते. बटण फेजच्या तारेवरच हवे. ते न्यूट्रलवर बसविले तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज राहते व बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. १९५६ च्या वीज नियमांतही हा दंडक होता.

प्रत्येक दिव्याला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात, पण साऱ्यांचा भार मूळ तारेवर एकत्र पडतो. ६० वॅटचे दहा बल्ब म्हणजे ६०० वॅट, तर ९ वॅटचे दहा एलईडी दिवे म्हणजे केवळ ९०. त्याच बारीक तारेवर शेगडी लावली तर तार तापते. फ्यूज वितळून धोक्याची सूचना देतो. त्याजागी जाड तार घालणे म्हणजे राखणदाराचे डोळे बांधणे होय. दिव्यांच्या एका शाखेवर दहापेक्षा अधिक जोडण्या किंवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा, असा भारतीय मानकाचा जुना संकेत आहे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आकडा टाकून वीज ओढणे व रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात ती सोडणे. आपल्या या जंगलपट्ट्यात अशा तारांनी वाघांचे आणि माणसांचेही बळी घेतले आहेत. अंधारात जाणाऱ्या शेजाऱ्याला ती तार दिसत नाही.

गावाची डी.पी. एक, घरे अनेक. घराचे मीटर एक, बटणे अनेक. कोणता दिवा केव्हा लावावा हे ज्याचे त्याने ठरवावे, पण मूळ तार सर्वांची आहे. उत्सवाच्या रोषणाईच्या वेळीही तारेचे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावे, अर्थिंग तपासून घ्यावे व मंडपाचा भार शेजारच्या घरगुती तारेवर टाकू नये. दात्यांनी दिलेल्या पैशातून उभे राहिलेले काम पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप जावे, एवढीच विनंती.