दोन केंब्रिज आणि एक छोटी खोली

आमच्या केंब्रिजच्या मिल रोडभोवतीच्या गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकातली, एकमेकांना खेटून उभी असलेली विटांची घरं आहेत. बैठकीची खोली जेमतेम, आणि एक भिंत शेजाऱ्यांशी सामायिक. अशा घरात राहायला आलेल्या मराठी माणसाला स्पीकर घ्यायचा असला की हमखास सल्ला मिळतो, ‘मोठा घे, बास चांगला येतो.’ बास येतो खरा, पण तो चांगला असेलच असं नाही. तबलजीने डग्ग्यावर थाप मारून हात उचलला तरी खोली घुमतच राहते. दोन-तीनशे पौंड घालून आपण तो घुमारा विकत घेतलेला असतो, आणि त्यातला निम्मा शेजाऱ्याच्या वाट्याला जातो.

या घोटाळ्याचं गणित याच गावाशी नातं असलेल्या माणसाने मांडून ठेवलं आहे. जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजे लॉर्ड रेली, ट्रिनिटी कॉलेजात शिकला आणि १८७९ ते १८८४ या काळात कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा प्रमुख प्राध्यापक होता. आजारपणानंतर नाईल नदीच्या प्रवासात, होडीत बसून त्याने ‘थिअरी ऑफ साउंड’ लिहायला घेतलं. त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ साली आले. आयताकृती खोलीतली हवा ठरावीक स्वरांनाच जोरात साथ देते, हे त्यात सूत्रासकट आहे. खोली समजा ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच आहे. ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला ३४३ मीटरला, प्रत्येक मापाच्या दुपटीने भागा. उत्तरं येतात साधारण ४८, ५७ आणि ७१ हर्ट्झ. शिवाय त्यांच्या पटीतलेही स्वर आहेतच. हे स्वर स्पीकरने थांबवले तरी खोली ते रेंगाळत ठेवते. दिवाणखाना मोठा असेल तर असे स्वर खालच्या पट्टीपासून दाटीवाटीने असतात आणि एकमेकांत मिसळून जातात. छोट्या खोलीत ते सुटे-सुटे राहतात, म्हणून टोचतात.

पुढचा धडा दुसऱ्या केंब्रिजमधला, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. १८९५ च्या सुमारास हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेलं कळेना, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे काम आलं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, खोलीत मांडल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. मात्र गाद्या-पडदे मधल्या आणि वरच्या स्वरांना आवरतात. खर्जाची लहर काही मीटर लांब असते. तिला पातळ गालिचा दिसतही नाही.

त्याच गावात १९५४ साली एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. तोवर खोल बास हवा तर कपाटाएवढं खोकं हवं, अशी समजूत होती. व्हिल्चरने खोकं लहान केलं, हवाबंद केलं आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. पडदा पुढे गेला की ती हवा त्याला मागे ओढते, मागे आला की ढकलते. मोठ्या स्पीकरांच्या तोडीचा बास पुस्तकांच्या फळीवर मावला.

याउलट भोकाची, म्हणजे पोर्टची पेटी बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी एका स्वराला घुमते आणि बास वाढवते. तो स्वर खोलीच्या एखाद्या स्वरावर पडला की गोंधळ दुप्पट होतो. पोर्टच्या पेटीचा बास एका मर्यादेखाली झपकन कोसळतो, सप्तकाला २४ डेसिबल. बंद पेटीचा हळूहळू, सप्तकाला १२ डेसिबल. आणि खोलीच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही खाली छोटी खोली आवाजाला थोडा हात देते. बंद पेटीचा उतार आणि खोलीचा चढ काही अंशी जुळतात.

बीबीसीने १९७० च्या दशकात बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए हा स्पीकर बनवला, तोही बंद पेटीचाच. उंची जेमतेम ३० सेंटीमीटर. त्यात खर्ज फार नाही. जो आहे तो स्वच्छ आहे. गाडीत बसून ध्वनिमुद्रण पारखणाऱ्याला तेवढं पुरायचं. आमच्या शेजारच्या हंटिंग्डनमध्ये क्वाडच्या पीटर वॉकरने १९५७ साली पेटीच काढून टाकली: ताणलेला पातळ पडदा विजेच्या दाबाने हलवायचा. पेटी नाही, म्हणून पेटीचा घुमारा नाही. पण त्याच्या मागे मोकळी जागा लागते, आणि तीच आपल्याकडे नसते.

म्हणून छोट्या खोलीसाठी माझा कौल लहान, बंद पेटीला. पोर्टवाला आधीच घरात असेल तर भोकात फोमचा बोळा घालून पाहा. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका. तिथून खोलीचे सगळेच स्वर जागे होतात. स्वतः मागच्या भिंतीला टेकून बसू नका, कारण तिथे घुमारा सर्वांत जास्त. लांबीच्या बरोबर मध्यावर पहिला स्वर जवळजवळ गायब होतो. दोन्हींच्या मधे, भिंतीपासून साधारण एक-तृतीयांश अंतरावर बसा.

परीक्षेला डग्गा घ्या. मनगट दाबून तबलजी स्वर सरकवतो, तेव्हा तो सरकता आवाज शेवटपर्यंत सारख्या वजनाने यायला हवा. मधेच एखादा स्वर फुगला, तर तो तुमच्या खोलीचा. हे दुकानात कळत नाही, कारण दुकानाची खोली वेगळी. घरी नेऊन ऐकू देणाऱ्या, न पटल्यास परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या.