भिंतीवरचा बागुलबुवा

दसरा सरला की आमच्या घरी चुन्याची डबडी आणि कुंचले येत. पावसाळ्याने भिंतींना पोपडे आणलेले असत, आणि त्या पोपड्यांत नि चिरांत आम्ही मुलांनी चार महिन्यांत केवढे जग वसविलेले असे! माझ्या अंथरुणासमोर एक नाकाड म्हातारा होता. दिव्याची वात खाली केली की तो मान हलवी. मी आईला म्हणे, "आई, तो माझ्याकडे बघतोय." आई म्हणे, "काही नाही रे, भास आहे. झोप मुकाट्यानं." दिवाळीपूर्वी भिंतीवर चुन्याचा हात फिरला, म्हातारा गेला, आणि तो खरोखरच होता याचा माझ्यापाशी असलेला एकमेव पुरावाही त्याच्याबरोबर गेला.

हा म्हातारा इतक्या वर्षांनी आठवला तो अमेरिकेतल्या मुलांच्या एका हकीगतीमुळे. तेथे १० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट' नावाचा दूरचित्रवाणीचा कार्यक्रम सुरू झाला. शाळेत जाण्यापूर्वीच्या वयाच्या मुलांना हसतखेळत अक्षरे नि अंक शिकवावेत, हा त्याचा हेतू. याच कार्यक्रमाचा हिंदी अवतार, 'गली गली सिम सिम', २००६ साली आपल्याकडेही आला. मूळ कार्यक्रमात बाहुल्यांच्या गमती, गाणी आणि अधूनमधून मिनिट-दोन मिनिटांची चलच्चित्रे असत.

त्यांतलेच एक चित्र १९७०–८० या दशकाच्या मध्यास दाखविले गेले. बिछान्यात पडलेली एक मुलगी भिंतीवरच्या चिरांकडे पाहते. त्या चिरांतून एक उंट साकारतो. मग कोंबडी येते, माकड येते. मुलगी त्यांच्यासंगे फिरायला निघते आणि वाटेत सामोरा येतो तो चिरांचाच बनलेला एक दुष्ट राक्षस! अखेर भिंतीचा गिलावा ढासळतो आणि तो राक्षसही त्याबरोबर नाहीसा होतो. एवढीच गोष्ट. पण कित्येक मुलांच्या मनात तिने घर केले. पुढे ते चित्र दाखविणे बंद झाले. मुले मोठी झाली आणि त्या चित्राबद्दल विचारू लागली, तर सांगणारा कोणी भेटेना! अहो, स्वप्नात पाहिले असेल, असे म्हणायला जग मोकळेच होते.

पण गंमत अशी की, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना तेच स्वप्न पडले होते. तोच उंट, तीच कोंबडी, तोच राक्षस. काहींनी नेटाने शोध चालविला. २००९ साली ते चित्र एका शोधकर्त्याच्या हाती आले आणि २०१३ साली ते सर्वांना पाहावयास मिळाले. मुलांनी पाहिले होते ते खरे होते!

दुसरी हकीगत याहून मासलेवाईक आहे. १९३९ सालच्या 'द विझर्ड ऑफ ऑझ' या चित्रपटातील हिरव्या तोंडाची चेटकीण मार्गारेट हॅमिल्टन या नटीने वठविली होती. प्रत्यक्षात ही बाई पूर्वाश्रमीची बालवर्गाची शिक्षिका! १० फेब्रुवारी १९७६ रोजी ती त्याच वेषात 'सेसमी स्ट्रीट'वर आली. उडता उडता तिचा खराटा खाली पडतो आणि डेव्हिड नावाच्या तरुणाला सापडतो. आदराने मागशील तर देईन, असे तो बजावतो. चेटकीण संतापते, मुलांचा लाडका बिग बर्ड, तो भला थोरला पिवळा पक्षी, त्याचा पिसांचा झाडू करून टाकीन अशी धमकी देते. झाले! घरोघरची पोरे भेदरली, आईबापांच्या तक्रारींची पत्रे येऊन पडू लागली. तो भाग पुन्हा कधी दाखविला गेला नाही. चित्रफीत नष्ट झाली नव्हती. ती संग्रहात बंद होती. अखेर २०२२ साली, तब्बल सेहेचाळीस वर्षांनी, तो संपूर्ण भाग इंटरनेटवर प्रकटला.

मौज पाहा. याच बाईने आदल्याच वर्षी, १९७५ साली, फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात येऊन अगदी उलट काम केले होते. साध्या पोशाखात ती आली, मुलांशी चार शब्द बोलली, आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत चेटकिणीचा काळा घागरा, झगा, टोपी असे एकेक चढवीत गेली. चेटकीण म्हणजे सोंग घेतलेली एक प्रेमळ बाई आहे, हे मुलांनी स्वतः पाहिले.

भीतीशी वागण्याच्या या दोन रीती आहेत. एक चुना फासण्याची. यात तक्रार आली की चित्रफीत कुलपात टाकायची आणि पोराला 'भास आहे' म्हणायचे. आईबापांची पत्रे मायेपोटीच आलेली असणार, त्यांना कोण दोष देईल? पण झाकलेली भीती मरत नाही. ती चाळीस-चाळीस वर्षे अंधारात मान हलवीत राहते. दुसरी रीत त्या शिक्षिकेची. भीती कशाची बनली आहे ते मुलाच्या बरोबर बसून, एकेक वस्त्र उलगडून पाहण्याची.

त्या हरवलेल्या चित्रांच्या शोधाला कोणी रिकामटेकडा उद्योग म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्या माणसांना राक्षस हवा नव्हता. आपण लहानपणी खोटे बोललो नव्हतो, एवढेच त्यांना कोणाकडून तरी ऐकावयाचे होते.

तेव्हा या दिवाळीत घरातले एखादे पोर बोट दाखवून म्हणाले, की भिंतीवर कोणी आहे, तर लगेच रंगाचा डबा उघडू नका. एक पणती उचला, त्याचा हात धरा, आणि भिंतीजवळ जाऊन विचारा, "कुठे रे? मलाही दाखव पाहू!"