आकुर्डीची रांग आणि मक्तेदारीचे कायदे

आज पैसे घेऊन दुकानात गेलं की दुचाकी मिळते. १९७० च्या दशकात तसं नव्हतं. आधी नाव नोंदवायचं, टपाल कार्यालयातल्या बचत खात्यात अनामत रक्कम भरायची, ते खातं विक्रेत्याकडे तारण ठेवायचं आणि मग वाट पाहायची. बजाज स्कूटरसाठी ही वाट दहा-दहा वर्षांची असे. मुलगी शाळेत असताना नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नाच्या सुमाराला हाती आली, अशा गोष्टी त्या पिढीकडून आजही ऐकायला मिळतात. परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, त्यामुळे परदेशात गेलेल्या भाच्या-पुतण्यांचा भाव अचानक वधारत असे.

ही स्कूटर कुठे दूरदेशी बनत नव्हती. पुणे-मुंबई रस्त्यावर आकुर्डीला तिचा कारखाना होता. बजाज कंपनीला १९५९ साली दुचाकी आणि तीनचाकी वाहनं बनवण्याचा परवाना मिळाला. सुरुवातीला इटलीच्या पियाजिओ कंपनीचं तांत्रिक सहकार्य होतं, ते १९७१ मध्ये संपलं. १९७२ पासून ‘चेतक’ बाजारात आली. कंपनीचं एक लाखावं वाहन १९७० साली बाहेर पडलं होतं आणि १९७७ पर्यंत एका वर्षातच एक लाख वाहनं विकली जाऊ लागली. म्हणजे गिऱ्हाईक होतं, कारखाना होता, कामगार होते. मग रांग का?

याचं पहिलं कारण १९५१ चा उद्योगविषयक कायदा. कारखाना काढायला परवाना लागे, आणि वर्षाला किती माल काढायचा तो आकडाही परवान्यातच लिहिलेला असे. परकीय चलनाची टंचाई होती, यंत्रं आयात करावी लागत, तेव्हा कोणाला किती द्यायचं हे सरकारने ठरवणं स्वाभाविक मानलं जाई. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवणं ही गोष्ट कारखानदाराच्या हातात नव्हती.

दुसरं कारण आमच्या दृष्टीने जास्त विचार करायला लावणारं आहे. स्वातंत्र्यानंतर देशाचं उत्पन्न वाढलं, ते गेलं कुणाकडे? हे तपासायला संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आर्थिक सत्ता मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटते आहे, ही चिंता तिच्या १९६४ च्या अहवालाने ठळक केली. त्याच वर्षी मक्तेदारी चौकशी आयोग नेमला गेला. यातूनच १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा कायदा झाला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला ‘एमआरटीपी’ म्हणत. १ जून १९७० पासून तो लागू झाला. ज्या उद्योगसमूहाची मालमत्ता २० कोटी रुपयांहून जास्त, त्याला विस्तार करण्याआधी केंद्र सरकारची वेगळी परवानगी बंधनकारक झाली. एखाद्या मालाच्या बाजारातला तिसरा हिस्सा ज्याच्याकडे आहे, त्याला तर एक कोटीच्या मालमत्तेलाच हा नियम लागू होई. मालमत्ता मोजताना समूहातले सगळे उद्योग एकत्र धरले जात. स्कूटरच्या कारखान्याचा आकार ठरवताना साखर आणि पोलादही तराजूत पडे.

हेतू प्रामाणिक होता, त्याची टिंगल करण्याचं कारण नाही. पण परिणाम पाहा. मोठ्याने आणखी मोठं होऊ नये म्हणून त्याचं उत्पादन रोखलं. छोट्याने किंवा नव्याने यावं तर त्यालाही परवाना हवाच. रांग लांबत गेली, आणि रांग हीच जुन्या कंपनीची तटबंदी झाली. जो माल बनण्याआधी विकला गेलेला असतो, त्यात सुधारणा करण्याची घाई कोणाला असेल? मक्तेदारीविरोधी कायद्याने मक्तेदारीला बसायला पाट दिला, असं आम्हाला वाटतं.

मात्र याच कायद्याची एक दुसरी बाजूही होती, ती सहसा सांगितली जात नाही. आकार सोडून व्यापाराच्या रीती तपासण्याचा अधिकार त्यात होता. जमशेदपूरला आणि आपल्या पिंपरीला असलेल्या टेल्कोने मालमोटारींच्या विक्रेत्यांना प्रदेश वाटून दिले होते. दुसऱ्याच्या हद्दीत विकायचं नाही, अशी अट होती. ही अट स्पर्धेला मारक आहे का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मालमोटारींची टंचाई असताना सर्व भागांना त्या सारख्या मिळाव्यात म्हणून अशी वाटणी चालू शकते, असा निकाल १९७७ साली लागला. निकालापेक्षा त्यातली पद्धत महत्त्वाची होती : त्या धंद्याची परिस्थिती काय, अट घालण्याआधी काय होतं, नंतर काय झालं, हे पाहूनच ठरवायचं. अट कागदावर कशी दिसते एवढ्यावरून नाही.

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने बहुतेक परवाने आणि मालमत्तेची ती मर्यादा काढून टाकली. दुचाकींच्या बाजारात नवे खेळाडू १९८० च्या दशकातच येऊ लागले होते. रांग संपली. मग मक्तेदारीचा प्रश्नही संपला का?

संपला नव्हता, आणि हे नेमकं दिसलं ते एका अगदी वेगळ्या वस्तूच्या बाबतीत. संगणकावर इंटरनेटची पानं उघडून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर. नेटस्केप कंपनीचा ब्राउझर लोकप्रिय होता. मायक्रोसॉफ्टने आपला एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट आणि जोडूनच दिला. १८ मे १९९८ रोजी अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. फुकट देण्यात गुन्हा कसला, असा प्रश्न वर्गात हमखास येईल. गॅसची जोडणी घेताना ‘शेगडीही आमच्याकडूनच घ्या’ म्हणणारा वितरक आठवा. जोडणी फक्त त्याच्याकडे आहे, म्हणून शेगडीचं दुकान बसतं. इथे मेख आणखी खोल होती. पुढे प्रोग्राम ब्राउझरवरच चालू लागले, तर खाली विंडोज आहे की दुसरं काही, याला महत्त्व राहणार नव्हतं. म्हणजे नेटस्केपचा धोका एक्सप्लोररला होता त्याहून जास्त विंडोजला होता. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, पण मक्तेदारी टिकवण्यासाठी गैरमार्ग वापरल्याचा ठपका कायम ठेवला. मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपण कशासाठी वापरलं ते पाहायचं.

आपल्याकडेही हाच विचार चालू होता. १९९९ मध्ये राघवन समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींवरून २००२ चा स्पर्धा कायदा झाला. त्यातल्या वर्चस्वाच्या गैरवापराविषयीच्या कलम ४ ची अंमलबजावणी २० मे २००९ पासून सुरू झाली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला ‘एमआरटीपी’ रद्द झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला तो याच कलमाखाली. अँड्रॉइड फोनमध्ये क्रोम हा ब्राउझर आणि गुगलचे इतर प्रोग्राम आधीच भरून देण्याची सक्ती, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता.

पण आमच्या औद्योगिक पट्ट्याला हे कलम त्याच्या आठ वर्षं आधीच भेटलं होतं. २००९ च्या सुमारास चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्र असे मोटारींचे कारखाने उभे राहिले होते. मोटारी भरपूर, कंपन्याही भरपूर. रांगेचं नाव नाही. तरी २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४.६५ कोटी रुपयांचा दंड केला. त्यात या तिन्ही कंपन्या होत्या आणि सर्वात मोठा दंड, १३४६.४६ कोटींचा, टाटा मोटर्सला, म्हणजे पूर्वीच्या टेल्कोला होता.

आयोगाचं म्हणणं असं : मोटार घेईपर्यंत गिऱ्हाईक स्वतंत्र आहे. ती घेतली की तिचे अस्सल सुटे भाग एकाच कंपनीकडे. हे भाग आणि बिघाड शोधण्याची उपकरणं बाहेरच्या गॅरेजला मिळत नाहीत. बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते. तेव्हा मोटारींच्या बाजारात कंपनीचा हिस्सा कितीही लहान असो, स्वतःच्या सुट्या भागांच्या बाजारात ती शंभर टक्के आहे. कंपन्यांनी उत्तर दिलं की माणूस गाडी घेतानाच पुढच्या दुरुस्तीचा खर्च जमेस धरतो, म्हणून बाजार एकच मानावा. आयोगाने ते मानलं नाही, कारण दहा वर्षांत कोणता भाग कधी मोडेल आणि तेव्हा काय भावाने मिळेल, याचा हिशेब शोरूममध्ये उभं राहून करता येत नाही.

कंपन्या अपिलात गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्पर्धा कायद्यातली आव्हान दिलेली बहुतेक कलमं वैध ठरवली. आयोगाच्या अध्यक्षांचं निर्णायक मत मात्र रद्द केलं. तोवर आकुर्डीचा जुना कारखाना उत्पादन थांबवून बारा वर्षं झाली होती, आणि मोटारीत पान्यापेक्षा संगणकाचं काम वाढलं होतं. इंजिनाचा दिवा लागला तर तो का लागला हे सांगणारा संकेत वाचायलाच खास उपकरण लागतं, आणि गॅरेजवाला पहिल्यांदा अडतो तो तिथेच.