पदवीची शिडी

विद्या शिकवितात तें विद्यापीठ, असा अर्थ कोणीही करील. परंतु १८ जुलै १८५७ रोजीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें तें शिकविण्यासाठीं नव्हे, परीक्षा घेण्यासाठीं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें लंडन विद्यापीठाचा कित्ता पुढें ठेविला होता : शिकवावें कॉलेजांनीं, परीक्षा घेऊन पदवी द्यावी विद्यापीठानें. संलग्न महाविद्यालयांची आजची व्यवस्था याच पायावर उभी आहे.

१८५९ त पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. शाळेचा शेवट व कॉलेजचा दरवाजा तीच असल्यामुळें शाळेंत काय शिकवावें हेंही तीच ठरवूं लागली. १८६२ त बी. ए. चे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे व भांडारकर त्यांपैकींच. पुढें प्रीव्हिअस, इंटर व बी. ए. अशा पायऱ्या रूढ होऊन मॅट्रिकनंतर पदवीस चार वर्षें लागूं लागलीं. मध्येंच शिक्षण सुटल्यास त्या वर्षांची पदवी म्हणून कांहींच हातीं येत नसे.

१९१६ त महर्षि कर्वे यांनीं महिला विद्यापीठ काढून मातृभाषेंतून शिकणाऱ्या स्त्रियांसाठीं ‘गृहीतागमा’ ही पदवी ठेविली. तिला कायद्याचें पाठबळ मिळण्यास १९५१ साल उजाडलें. पदवीचें मोल विद्येवर ठरतें कीं शिक्क्यावर, हा प्रश्न असा जुनाच आहे.

१९४९ त मॅट्रिकची जागा एस्. एस्. सी. नें घेतली, त्याच वर्षीं पुणें विद्यापीठ सुरू झालें. १९७० नंतरच्या दशकांत दहा वर्षें शाळा, दोन वर्षें उच्च माध्यमिक व तीन वर्षें पदवी असा आकृतिबंध आला. त्यावर दोन वर्षांची एम्. ए. व नंतर पीएच्. डी. २०२० च्या धोरणानें चार वर्षांच्या पदवीची वाट पुन्हा उघडली. एका वर्षानंतर थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दोहोंनंतर पदविका व तिहींनंतर पदवी मिळावी, अशी त्यांत योजना आहे.

राहातें पूर्वीं कोपरगांव तालुक्यांत मोडे. नगरास १९४७ त कॉलेज निघण्यापूर्वीं येथील मॅट्रिक झालेल्या मुलास पुणें वा नाशिक गांठावें लागे. ज्यास तेथें राहण्याचा खर्च झेपत नसे, त्याचें शिक्षण मॅट्रिकवरच थांबे. आज राहाता तालुक्यांतील लोणी येथेंच, २००३ पासून, स्वतःची पदवी देणारें अभिमत विद्यापीठ आहे. दीडशें वर्षांत शिडी दाराशीं आली. तिच्या पहिल्या पायरीचें शुल्क गरिबाच्या आवांक्यांत आणणें, एवढें काम मात्र अद्याप उरलें आहे.